धोक्याच्या जागी रोबोंचा चमू उतरवताना

रोबोंचा चमू बांधायला घेतला की पहिल्या बैठकीत सगळे एकच विचारतात, किती रोबो घ्यायचे? मी उलट विचारते, यातला कुठला आत राहिला तरी चालेल? याचं उत्तर कोणाकडे नसेल तर मी खरेदीची यादी पुढे सरकू देत नाही. वायू भरलेला बोगदा, किरणोत्सर्ग पसरलेली इमारत, आगीनंतर कधीही कोसळेल असं गोदाम, अशा ठिकाणी आपण यंत्र पाठवतो ते माणूस पाठवता येत नाही म्हणून. मग आत अडकलेलं यंत्र सोडवायला तरी कोण जाणार? एकटा रोबो अडकला की मोहीम तिथेच संपते. तिघांपैकी एक अडकला तर उरलेल्या दोघांनी काम पुढे न्यायला हवं, आणि चमू बांधायचा तो एवढ्यासाठी. 'काम तिप्पट वेगाने होतं' हे विसरा. अरुंद बोगद्यात तीन रोबो बराच वेळ एकमेकांची वाट अडवण्यात घालवतात.

मी हे काम गेली नऊ वर्षं करते आहे. रोबो जोडणं, चालवणं आणि बऱ्याचदा चिखलातून दोरीने ओढून काढणं. सध्या माझ्याकडे तिघे आहेत. थोरला सहा चाकांचा, मोठ्या बॅटरीचा, उचलायला दोन माणसं लागतात. मधला चार चाकांचा, पाठीवर रेडिओच्या डब्या घेऊन फिरतो. धाकटा पट्ट्यांवर चालतो, पुढे दोन फ्लिपर, म्हणजे वरखाली होणारे हात, आहेत, जिना चढतो आणि ढिगाऱ्यातून घुसतो. ही नावं लाडाने ठेवलेली नाहीत. आधी आम्ही एक, दोन, तीन असे नंबर वापरायचो. एकदा गडबडीत मी ओरडले, "दोन थांबव!" सोबतच्या मुलाने दोन रोबो थांबवले, आणि मला जो थांबायला हवा होता तो नेमका चालत राहिला. तेव्हापासून थोरला, मधला, धाकटा. तुम्हीही नाव असं ठेवा की घाईत ओरडताना त्याचा दुसरा अर्थ निघणार नाही.

आधी दोनच

पहिल्या वर्षी दोनच रोबो घ्या. एक काम करणारा आणि दुसरा त्याच्याकडे बघणारा. बघणारा म्हणजे चैन वाटते, पण ती गरज आहे. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघातानंतर १७ एप्रिल २०११ रोजी अणुभट्टीच्या इमारतीत पहिल्यांदा पॅकबॉट नावाचे रोबो आत गेले, ते जोडीने गेले. एकाने दाराची मूठ फिरवायची आणि दुसऱ्याने मागून त्याचं चित्र पाठवायचं. स्वतःच्या कॅमेऱ्यातून स्वतःचा हात मुठीपासून किती दूर आहे, हे कळणं फार अवघड असतं. बाजूला उभ्या असलेल्याला ते एका नजरेत कळतं. गाडी मागे घेताना बाहेर उतरून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा माणूस असतो ना, तसं.

त्याच इमारतींमध्ये नंतर क्विन्स नावाचा जपानी रोबो गेला. तो केबल मागे सोडत जायचा. २० ऑक्टोबर २०११ला दोन नंबरच्या अणुभट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याची केबल अडकून तुटली आणि तो तिथेच राहिला. पुढचे क्विन्स आत जाताना अशी सोय केलेली होती, की एकाची केबल गेली तर त्याने दुसऱ्याच्या मार्फत रेडिओवर बोलावं. आपल्या सगळ्या विषयाचं सार या एका दुरुस्तीत आहे, म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते.

केबल म्हणून वाईट नसते. काँक्रीटच्या जाड भिंतींआड रेडिओ पोचत नाही तिथे केबल पोचते. फक्त एक बघा, केबलचं रीळ रोबोवर हवं, बाहेर नको. बाहेरच्या रिळावरून रोबो केबल ओढत नेतो, प्रत्येक कोपऱ्यावर ती घासते, आणि चौथ्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. रीळ रोबोवर असेल तर तो केबल मागे टाकत जातो आणि केबल जमिनीवर स्वस्थ पडून राहते. परतताना मात्र स्वतःच्याच केबलवरून जाऊ नका. आमच्या धाकट्याने एकदा ती पट्ट्यात गुंडाळून घेतली. कापून काढायला पाऊण तास लागला, आणि तोही बाहेर, उजेडात, मांडीवर घेऊन.

धोका नेमका कुठला?

'धोक्याची जागा' हा शब्द इतका ढोबळ आहे की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. वायू, किरणोत्सर्ग, पाणी, उष्णता आणि धूर यांच्यासाठी रोबो वेगवेगळे लागतात. एकच रोबो सगळं करेल म्हणाल तर एक ना धड भाराभर चिंध्या.

वायूपासून सुरुवात करते, कारण तिथे रोबो स्वतःच धोका बनू शकतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर एका ठिणगीने पेटतो. हायड्रोजनची हीच हद्द ४ ते ७५ टक्के. साध्या मोटरच्या ब्रशमध्ये ठिणगी असते, रिलेमध्ये असते, बॅटरीचा कनेक्टर ओढला तरी असते. तेव्हा स्फोटक हवेसाठी प्रमाणित नसलेला रोबो तिथे पाठवायचा नाही. 'जपून चालवू' वगैरे काही नाही. माझे तिघेही प्रमाणित नाहीत, म्हणून मिथेनच्या शंकेच्या जागी ते दारातच थांबतात. वायुवीजन करून, मोजून, हद्दीच्या बऱ्याच खाली आल्याची खात्री झाली की मगच आत.

वायू मोजण्यातल्या दोन खोडी माहीत असू द्या. ज्वलनशील वायूचे जे स्वस्त सेन्सर मिळतात, त्यांतले बरेचसे वायू जाळून मोजतात. त्यांना स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी असेल तिथे ते 'सगळं ठीक' असा छोटा आकडा दाखवतात. शेजारी ऑक्सिजनचा सेन्सर नसेल तर तो आकडा पाहूच नका, किंवा मग इन्फ्रारेडवर चालणारा मिथेन सेन्सर घ्या.

दुसरी खोडी आम्हाला अनुभवाने कळली. सेन्सर खऱ्या आकड्यापर्यंत यायला अर्धा मिनिट तरी घेतो. धाकटा सेकंदाला अर्धा मीटर चालतो. म्हणजे नकाशावर आकडा जिथे उमटतो, तिथून वायू १५ मीटर मागे असतो. चाचणीत आम्ही गळतीची जागा शोधत दोन तास चुकीच्या भिंतीला चिकटून बसलो होतो. आता धाकटा धावत जातो आणि थोरला मागून रांगत येतो, दर पाच मीटरला मिनिटभर थांबतो. नकाशावर वायूचा आकडा फक्त थोरल्याचा घेतो. धाकट्याचा आकडा म्हणजे नुसती कुणकुण.

पाण्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर खाणीत नोव्हेंबर २०१०च्या स्फोटानंतर लष्कराचा रोबो आत पाठवला, तो सुमारे ५५० मीटरवर पाण्याने शॉर्ट होऊन बंद पडला. बॉम्ब निकामी करायला उत्तम यंत्र, पण ठिबकणाऱ्या खाणीसाठी बनवलेलं नव्हतं. तुमच्या रोबोवर बादलीभर पाणी ओता आणि चालवून बघा. ओतायला हात धजावत नसेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच आहे.

किरणोत्सर्गात अंतर हेच औषध. उगम लहान असेल तर त्याच्यापासून दुप्पट दूर गेलं की मारा चौथाई होतो. म्हणून थोरला, म्हणजे ज्याच्यात महागडा संगणक आहे तो, भिंतीआड थांबतो आणि कमीत कमी इलेक्ट्रॉनिक्स असलेला धाकटा जवळ जातो. धाकट्याच्या कॅमेऱ्यात पांढरे ठिपके नाचायला लागले की मीटर बघायच्या आधीच कळतं, इथे किरणोत्सर्ग जास्त आहे.

धुराबद्दल थोडक्यात. लायडार म्हणजे लेझरने अंतर मोजणारा डोळा, त्याचा किरण धुराला भिंत समजतो. उष्णता बघणारा, लांब तरंगलांबीचा थर्मल कॅमेरा धुरातून बराच पलीकडे बघतो, पण काच त्याला भिंतीसारखी. दोन्ही डोळे एकाच रोबोवर नसतील तरी चालेल, चमूत मात्र दोन्ही हवेत.

रेडिओ

इथेच घोडं पेंड खातं. प्रयोगशाळेत एका खोलीतले तीन रोबो झकास बोलतात. बोगद्याच्या दुसऱ्या वळणानंतर कोणी कोणाशी बोलत नाही.

उपाय जुना आहे. वाटेत डब्या टाकत जायच्या. प्रत्येक डबीत एक रेडिओ, एक अँटेना, एक बॅटरी. डबी मागच्या डबीशी बोलते आणि साखळी दारापर्यंत येते. आमचा मधला अशा सहा डब्या नेतो. डबी कधी टाकायची, सगळी कला त्यात आहे. सिग्नल तुटल्यावर टाकली तर ती तुटलेल्या जागी पडते आणि तिचा काही उपयोग नाही. म्हणून सिग्नल अजून चांगला असतानाच टाकायची. आमचा नियम असा: वळण घ्यायच्या आधी एक, वळणाच्या टोकाशी, जिथून मागचं आणि पुढचं दोन्ही दिसतं. सरळ रस्त्यावर सिग्नल ठरवलेल्या पातळीखाली आला की एक. आणि लोखंडी दार ओलांडायच्या आधी एक, ते दार उघडं असलं तरी. दार वाऱ्याने लागू शकतं. आमचं लागलं होतं.

डबी जमिनीवर आडवी पडली तर अँटेनाही आडवी होते आणि पल्ला निम्म्यावर येतो. आम्ही तळाला शिशाचा तुकडा चिकटवला. तेव्हापासून डबी कशीही पडली तरी डोलत डोलत उभी राहते. या एवढ्याशा गोष्टीने जितका फायदा झाला, तितका सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्यांनी झाला नाही.

अजून एक हिशोब. सगळ्या डब्या एकाच चॅनेलवर, एकाच रेडिओने ऐकत आणि बोलत असतील तर दर टप्प्याला वेग घटत जातो. चार टप्प्यांनंतर मूळ वेगाचा जेमतेम चौथा हिस्सा हातात राहतो. त्यात तीन रोबोंचे व्हिडिओ मावत नाहीत. आधीच ठरवा, आधी काय जाईल. आमचा क्रम: थांबण्याचा आदेश, मग 'मी जिवंत आहे' हा ठोका, मग जागा, मग वायूचे आकडे, मग नकाशाचे तुकडे, आणि उरलं तर व्हिडिओ. हा क्रम ठरवला नाही तर व्हिडिओ सगळा रस्ता खातो आणि थांबण्याचा आदेश रांगेत उभा राहतो.

रोबो आरओएस २ या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअरवर चालवत असाल तर एक सावधगिरी. त्यातले भाग एकमेकांना आपोआप शोधतात, ही सोय तारेच्या जाळ्यात छान, पण तुटक्या रेडिओवर त्या शोधाशोधीनेच चॅनेल भरून जातं. रोबोच्या आत जे चाललंय ते आतच ठेवा. बाहेर फक्त मोजके, नावाने ठरवलेले मेसेज जाऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संपर्क तुटल्यावर रोबोने काय करायचं ते रोबोलाच आधी माहीत हवं. 'जागीच थांब' हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, कारण जिथे संपर्क नाही तिथे थांबलेल्या रोबोला कोणीही चल म्हणू शकत नाही. आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. तीस सेकंद थांब. मग ज्या जागी शेवटचा संपर्क होता तिथे आपल्याच वाटेने मागे ये. तिथेही दहा मिनिटं कोणी भेटलं नाही तर दाराकडे नीघ.

सगळ्यांचं शून्य एकच

धाकटा म्हणतो, "गळती माझ्यापुढे ४० मीटरवर." थोरला विचारतो, "तुझं 'पुढे' म्हणजे कुठे?" जमिनीखाली जीपीएस नाही, त्यामुळे प्रत्येक रोबो स्वतः जिथे सुरू झाला तिथे स्वतःचं शून्य धरतो आणि स्वतःचं नाक जिकडे असेल तिकडे स्वतःची दिशा. हे शून्य दारातच एक करून घ्यावं लागतं.

दिशेतली चूक किती महागात पडते बघा. सुरुवातीलाच एक अंश चुकलात, तर ३०० मीटर आत गेल्यावर ती पाच मीटरहून जास्त झालेली असते. अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने सबटेरेनियन चॅलेंज नावाची भुयारी रोबोंची स्पर्धा घेतली, तिची अंतिम फेरी सप्टेंबर २०२१मध्ये लुईव्हिलच्या भुयारात झाली. तिथे सापडलेल्या वस्तूची जागा पाच मीटरच्या आत सांगितली तरच गुण मिळत. सर्बेरस हा चमू जिंकला, पण ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या चमूचेही गुण तितकेच, २३, होते. इतक्या अटीतटीत दारातला एक अंश म्हणजे निकाल.

आमची रीत साधी आहे. दाराच्या चौकटीवर चार एप्रिलटॅग, म्हणजे काळेपांढरे चौकोनी छापे, पत्र्यावर चिकटवून पक्के स्क्रूने बसवलेले. कागदावर नको, ओलीत फुगतो. दोन छाप्यांमधलं अंतर जमेल तितकं जास्त ठेवा, कारण दिशा त्या अंतरातून मिळते. प्रत्येक रोबो दारासमोर तीन मीटरवर वीस सेकंद स्थिर उभा राहतो, चारही छापे वाचतो आणि आपलं शून्य चौकटीला बांधतो. मग आम्ही बोगद्यात दहा मीटरवर ठेवलेली विटकरी रंगाची बरणी तिघांना दाखवतो. तिघांनी सांगितलेली जागा वीतभरात जुळली तर पुढे. नाही जुळली तर परत. घाईच्या दिवशी हीच पायरी गाळावीशी वाटते.

घड्याळाचंही तसंच. इंटरनेट नसलेल्या जागी प्रत्येक संगणकाचं घड्याळ आपल्या मर्जीने सरकतं. एका फेरीत मधल्याचं घड्याळ चाळीस सेकंद मागे होतं, म्हणून थोरल्याने त्याचे सगळे मेसेज 'शिळे' म्हणून फेकून दिले. मधला ठणठणीत होता, पण थोरल्याच्या लेखी तो मेलेला. थोरल्याचं घड्याळ प्रमाण धरा आणि बाकीच्यांना निघण्याआधी त्याला जुळवून घ्या.

नकाशे एकत्र करताना एक भूत भेटेल. आमच्या एकत्र नकाशात बोगद्याच्या ऐन मध्यात एक जाड भिंत उभी राहिली. कॅमेऱ्यात तर काही नव्हतं. अर्धा तास शोधल्यावर कळलं, की ती भिंत म्हणजे थोरला. धाकटा परत येताना थोरला तिथे उभा होता, धाकट्याने त्याला अडथळा म्हणून नोंदवलं, आणि थोरला निघून गेल्यावरही नोंद तशीच राहिली. पुढे थोरला स्वतः त्या 'भिंती'पाशी येऊन थांबला. रस्ता बंद आहे म्हणाला. स्वतःच्याच आठवणीने अडलेला! उपाय असा, की प्रत्येक रोबोने आपली जागा सांगत राहायचं आणि नकाशा करणाऱ्याने त्या जागेभोवतीचे बिंदू गाळायचे.

काम कोणी घ्यायचं

यावर ढीगभर लिहिलेलं आहे आणि त्यातलं थोडंच लागतं. कुठे जायचं, यासाठी रोबो संशोधक ब्रायन यामाउची यांनी १९९७मध्ये मांडलेली कल्पना अजून पुरते. नकाशात माहीत असलेला आणि माहीत नसलेला भाग जिथे भेटतात त्या सीमेकडे जा. कोणी जायचं, यासाठी लिलाव. सीमा दिसली की प्रत्येक रोबो आपला खर्च सांगतो, म्हणजे अंतर, उरलेली बॅटरी, वाटेतला जिना. कमी खर्चाचा जातो. चाकांच्या रोबोने जिन्याचा खर्च अवाढव्य सांगावा एवढं बघा, नाहीतर मधला पहिल्याच पायरीला टकरा देत बसतो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती रोबो संशोधक लिन पार्कर यांची १९९८ची अलायन्स ही रचना. तिच्यात प्रत्येक रोबोला दोन स्वभाव दिलेले असतात. एक अधीरता: दुसऱ्याने घेतलेलं काम पुढे सरकत नसेल तर माझी अधीरता वाढत जाते आणि शेवटी मी ते काम घेतो. दुसरा माघार: मी घेतलेलं काम मलाच जमत नसेल तर ठरावीक वेळाने मी ते सोडून देतो. कोणी साहेब नाही, कोणी 'तो मेला' असं जाहीर करायची गरज नाही. धाकटा गप्प झाला तर मधला थोडा वेळ चुळबुळतो आणि त्याच्या कामाला लागतो. वेळा मात्र स्वतः ठरवा. आम्ही अधीरता आधी एका मिनिटावर ठेवली होती. धाकटा जिना चढायला दोन मिनिटं घेतो. त्यामुळे तो अर्ध्या जिन्यात असताना बाकी दोघे मदतीला धावून खाली गर्दी करायचे. आता जिन्याच्या कामाला चार मिनिटं आहेत.

अरुंद जागी समोरासमोर आले की दोघेही सभ्यपणे मागे सरकतात, मग दोघेही पुढे येतात, पुन्हा मागे. हा "आधी तुम्ही, आधी तुम्ही" प्रकार आम्ही अकरा मिनिटं चाललेला पाहिला आहे. बाहेर येणाऱ्याला वाट, एवढा एक नियम घाला आणि विषय संपवा.

खुर्चीवरचा माणूस

डार्पाच्या त्या स्पर्धेत अख्ख्या चमूला सूचना द्यायला एकाच माणसाला परवानगी होती. सुरुवातीला हे जमेल असं समजू नका. तीन रोबोंना आम्ही दोघं बसतो. एकजण चालवतो, म्हणजे खरं तर अडलेल्याला सोडवतो. दुसरा फक्त नकाशा बघतो आणि लिहितो. लिहिणाऱ्याने हँडलला हात लावायचा नाही. दोघांनीही व्हिडिओत डोकं घातलं की बॅटरीकडे बघायला कोणी उरत नाही.

पडद्यावर प्रत्येक रोबोचा रंग वेगळा ठेवा आणि तोच रंग रोबोच्या पाठीवरही लावा. आणखी एक लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकते. एकदा मधल्याचं मेमरी कार्ड खराब झालं, म्हणून मी धाकट्याच्या कार्डाची नक्कल त्यात घातली. ओळखक्रमांक बदलायला विसरले. धाकट्याला "मागे ये" म्हटलं की मधलाही मागे यायचा. चाचणी मोकळ्या जागेत होती म्हणून निभावलं. आता रोबो सुरू होताना क्रमांक ओरडून सांगतो आणि तोच क्रमांक आधी कोणी सांगितला असेल तर दोघेही चाकं बंद ठेवतात.

मुद्दाम बिघडवा

खऱ्या मोहिमेच्या आधी निदान चार चाचण्या अशा घ्या, की चालवणाऱ्याला न सांगता दुसरा कोणीतरी बिघाड करतो. डबीची बॅटरी काढा. लायडारवर चिखल फासा. धाकट्याला उलटा करा. मधल्याचा रेडिओ चालू ठेवून चाकं बंद करा. हा शेवटचा बिघाड सगळ्यात वाईट, कारण 'मी जिवंत आहे' हा ठोका येत राहतो आणि बाकीच्यांना वाटतं, काम चाललंय. म्हणून आमच्या ठोक्यात आता 'गेल्या मिनिटात किती सरकलो' हाही आकडा असतो.

बॅटरीचा हिशोब तिसऱ्या भागाने करा. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक अडचणीला. जो परत येणार नाही असं ठरलंच आहे, त्याला हा नियम लागू नाही, आणि म्हणून मी सुरुवातीला तो प्रश्न विचारते.

बाहेर येताना

जे आत मळलं ते बाहेर मळवतं. किरणोत्सारी धूळ असेल तर पट्ट्यांच्या खाचांमधून ती निघता निघत नाही, म्हणून जाण्याआधीच रोबोला पातळ प्लॅस्टिकने गुंडाळा, फक्त मोटरची हवा कोंडू नका. बाहेर आला की दारातच थांबवा, मोजा, प्लॅस्टिक वरून खाली, आतली बाजू बाहेर येईल असं गुंडाळत काढा. हातमोजे सगळ्यात शेवटी. धुतलेलं पाणीही कचराच आहे, त्याला भांडं लागतं. हे काम कंटाळवाणं असतं आणि सगळे दमलेले असतात, म्हणून यासाठी खुर्चीवर न बसलेला, ताजा माणूस राखून ठेवा.

आणि जो आला नाही, त्याला लगेच बंद करू नका. गेल्या वर्षी एका जुन्या बोगद्यात धाकट्याचा डावा पट्टा निघाला. दारापासून २१० मीटर. मागे यायला मार्ग नाही, आमच्याकडे डबी शिल्लक नाही, आणि थोरल्याला त्याच्याही पुढे जायचं होतं. आम्ही धाकट्याचे दिवे, लायडार, मोटरी, सगळं बंद केलं. फक्त रेडिओ चालू ठेवला. त्याच्यातून बोलत थोरला आणखी ९० मीटर आत गेला, शेवटची भिंत मोजून आला आणि परत येताना त्याच्या शेजारून, एका चाकाने त्याच्या फ्लिपरला घासून, बाहेर पडला. धाकटा तिथेच बसून होता. वहीत त्या दिवशीची शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे: "१९:४२, धाकटा, बॅटरी ४ टक्के, संपर्क चालू."